मासा घरी न्यावा की पाण्यात सोडावा?

पावसाळा तोंडावर आला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. परवाही आला. नदीपलीकडच्या वाडीतले एक शेतकरी सुनेला घेऊन तपासणीसाठी आले होते. तिला चौथा महिना. तपासून झाल्यावर उठता उठता त्यांनी विचारले, "डॉक्टर, आता चढणीचे मासे सुरू होतील. हिला दिले तर चालतील ना?"

तीस वर्षे मी या प्रश्नाला एकच उत्तर देत आलो. "खुशाल द्या. ताजे बघून घ्या आणि नीट शिजवा." हे उत्तर चूक नव्हते, पण अर्धे होते. उरलेले अर्धे मला शिकवले ते सातासमुद्रापलीकडच्या एका निवृत्त गृहस्थांनी, आणि तेही माझ्या तोंडचा घास काढून घेऊन.

२०२३ साली मे-जूनमध्ये दवाखान्याला दीड महिना कुलूप लावून आम्ही उभयता अमेरिकेत मिशिगन राज्यात मुलीकडे गेलो होतो. तिला पाचवा महिना लागला होता आणि तिच्या आईला काही केल्या इकडे चैन पडत नव्हते. (त्या दीड महिन्यात हे सदर बंद राहिले म्हणून काही वाचकांनी पत्रे पाठवून माझी चांगलीच कानउघाडणी केली होती, ती मी विसरलेलो नाही.) मुलीच्या घरापासून मैलभरावर एक तळे आहे. शेजारचे गृहस्थ तेथे रोज गरवायला जात. मी कोकणातला माणूस. मासे म्हटल्यावर घरात बसून राहवेना. तेथे सतरा वर्षांवरील प्रत्येकाला गळ टाकण्यासाठी परवाना काढावा लागतो. जावयांनी माझा एक दिवसाचा परवाना काढून दिला आणि जूनमधल्या एका सकाळी आम्ही निघालो. सौभाग्यवती काठावर खुर्ची टाकून बसल्या.

तासाभराने शेजाऱ्यांच्या गळाला एक दणदणीत मासा लागला. हिरवट पाठ, पांढरे पोट, कुशीवरून गेलेला काळा पट्टा, आणि तोंड एवढे मोठे की माझी मूठ आत जावी. वीस इंच लांब, दोन किलोंच्या घरातला. माझ्या डोळ्यांपुढे आमसुले घातलेली आमटी आणि तांदळाच्या पिठात घोळवून तळलेल्या तुकड्या उभ्या राहिल्या. मुलीला पाचव्या महिन्यात असा ताजा मासा मिळणे म्हणजे भाग्यच! तेवढ्यात त्या गृहस्थांनी हात पाण्यात बुडवून ओले केले, मासा पट्टीवर ठेवून मोजला, गळ सोडवला आणि दोन्ही हातांनी त्याला अलगद पाण्यात सोडून दिले.

"अहो, खायचा नव्हता तर पकडला कशाला त्या बिचाऱ्याला?" काठावरून सौभाग्यवतींचा आवाज आला. मी तो प्रश्न जरा मवाळ करून इंग्रजीत पुढे पाठवला. गृहस्थ हसले. थोड्या वेळाने त्यांना पंधरा इंचांचे दोन त्याच जातीचे मासे मिळाले. ते त्यांनी ठेवून घेतले. शिवाय हाताच्या पंजाएवढे, चपटे, ब्लूगिल नावाचे आठ-दहा मासे बादलीत टाकले. निघताना सगळे आमच्या हवाली केले आणि म्हणाले, "हे छोटे मुलीला द्या. ते दोन तुम्ही म्हातारी माणसे खा." वर घरी येऊन राज्याच्या आरोग्य खात्याची एक पुस्तिका देऊन गेले. कोणत्या तळ्यातला कोणता मासा, किती लांबीचा, महिन्यातून किती वेळा खावा, याचे त्यात तक्ते होते. माझी डॉक्टरकी त्या दिवशी त्या पुस्तिकेपुढे जरा खाली मान घालून बसली.

हा मासा म्हणजे लार्जमाउथ बास. आपल्याकडे हॉटेलात 'बासा' म्हणून जो पांढरा, बिनकाट्याचा तुकडा मिळतो, त्याचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. तो पंगॅशियस जातीचा, शिंगाळ्याच्या गोतातला पाळीव मासा. रायगडकरांच्या लाडक्या जिताड्यालाही इंग्रजीत 'एशियन सी बास' म्हणतात, पण तोही वेगळा. हा बास उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातल्या तळ्यांचा आणि संथ नद्यांचा मूळ रहिवासी. लहान मासे, झिंगे, बेडूक, जे तोंडात मावेल ते गिळणारा शिकारी. तळ्यातला वाघच म्हणा. आता वाघ म्हटले की दोन गोष्टी आल्या. संख्या कमी असते, आणि खालच्या सगळ्यांच्या पोटात गेलेले शेवटी याच्या पोटात येते.

पहिली गोष्ट तळ्याच्या हिताची. मिशिगनसारख्या थंड मुलखात बास सावकाश वाढतो. वीस इंचांच्या माशाचे वय दहा वर्षे किंवा त्याहून अधिक असू शकते. एवढी मोठी असते ती बहुधा मादी, आणि मादी जितकी मोठी तितकी तिची अंडी अधिक. ती एकदा कढईत गेली की तिची जागा भरायला दशक लागते. नराचीही एक गंमत आहे. पाणी कोमट होऊ लागले की तो तळाशी थाळीसारखा खळगा करतो आणि मादी अंडी घालून गेल्यावर तेथे राखण करत बसतो, पिल्ले फिरू लागली तरी त्यांच्यामागे असतो. तेवढ्यात कोणी त्याला गळाने उचलला की दबा धरून बसलेले ब्लूगिल अंड्यांचा फडशा पाडतात. म्हणून तेथे बहुतेक तळ्यांत चौदा इंचांखालचा बास ठेवता येत नाही, दिवसाला पाचांहून अधिक नेता येत नाहीत, आणि विणीचा बराच काळ उलटेपर्यंत पकडलेला मासा लगेच सोडावा लागतो.

पूर्वी असे नव्हते. जगातला सर्वांत मोठा बास १९३२ साली जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी या तरुणाने पकडला. सव्वाबावीस पौंड, म्हणजे दहा किलोंच्या वर! मंदीचे दिवस होते. त्याने तो वजन करून घेतला, घरी नेला आणि घरच्यांनी खाल्ला. २००९ साली जपानमधल्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याच्या तोडीचा मासा पकडेपर्यंत त्या विक्रमाला कोणी हात लावला नव्हता. पकडून सोडण्याची पद्धत बासच्या बाबतीत सर्वत्र पसरली ती १९७२ नंतर. अलाबामातले विमा एजंट रे स्कॉट बास पकडण्याच्या स्पर्धा भरवत. स्पर्धेतले मासे जिवंत ठेवून, वजन करून पुन्हा सोडायचे, असा पायंडा त्यांनी त्या वर्षी पाडला. पुढे तो इतका रुजला की आज तिकडे कित्येक जण बास खातच नाहीत. खाल्ला तर शेजारी नाक मुरडतात.

हे दुसरे टोक झाले, आणि ते मला पटत नाही. दक्षिणेकडच्या राज्यांत खासगी शेततळी पुष्कळ आहेत. तेथे सगळेच सगळे मासे सोडू लागले तेव्हा तळ्यात लहान बासांची गर्दी झाली. खायला पुरेना. डोके मोठे आणि अंग वाळलेले असे दहा-बारा इंचांचे मासे वर्षानुवर्षे तेवढेच राहिले. तेथले मत्स्यतज्ज्ञ आता लोकांना विनवून सांगतात की बाबांनो, लहान मासे घरी न्या. जपानमध्ये तर गोष्ट उलटीच आहे. तेथे हा मासा १९२५ साली अमेरिकेहून मुद्दाम आणून सोडला, आणि त्याने स्थानिक माशांचा फन्ना उडवला. बिवा सरोवर ज्या शिगा प्रांतात आहे तेथे २००३ पासून पकडलेला बास पुन्हा पाण्यात सोडायलाच मनाई आहे. काठावर त्यासाठी पेट्या ठेवल्या आहेत. म्हणजे एकच मासा, एका देशात सोडणे सज्जनपणाचे आणि दुसऱ्या देशात गुन्ह्याचे. आमच्या सौभाग्यवतींच्या बाजूनेही एक देश उभा आहे बरे का! निव्वळ सोडून देण्याच्या हेतूने मासे पकडायला स्वित्झर्लंडने २००९ पासून बंदी केली आहे, प्राण्याला उगाच यातना नकोत म्हणून.

आता दुसऱ्या गोष्टीकडे, म्हणजे माझ्या विषयाकडे वळतो. त्या पुस्तिकेतल्या तक्त्यांचे कारण एका शब्दात सांगायचे तर पारा.

दगडी कोळशात अत्यल्प पारा असतो. कोळसा जळला की तो हवेत जातो, शेकडो मैल वाहत जातो आणि पावसाबरोबर तळ्यात उतरतो. तळाच्या गाळातले जिवाणू त्याचे मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात. हा प्रकार वाईट, कारण तो शरीरात सहज शोषला जातो आणि सहज बाहेर पडत नाही. पाण्यातल्या सूक्ष्म जीवांत तो येतो, त्यांना खाणाऱ्या चिंगळ्यांत थोडा अधिक, त्यांना खाणाऱ्या माशांत त्याहून अधिक, आणि वर्षानुवर्षे या सगळ्यांना गिळत आलेल्या म्हाताऱ्या बासमध्ये सर्वांत अधिक. सावकाराच्या चक्रवाढ व्याजासारखे हे गणित आहे. पाण्यात मोजायलाही कठीण असलेला पारा मोठ्या शिकारी माशाच्या मांसात लाखो पटींनी साठलेला आढळतो. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसले तरी फरक पडत नाही, आणि मासा दिसायला, वासाला, चवीला अगदी उत्तम असतो.

बरे, हा पारा मांसातच भिनलेला असतो. कातडी सोलली, चरबी काढली, लिंबू पिळले, कडक तळला, तरी तो तेथेच राहतो. पीसीबीसारखी काही कारखानी रसायने चरबीत साठतात. ती कातडी व चरबी काढून, जाळीवर भाजून तेल गळू दिले की बरीच कमी होतात. पाऱ्याला मात्र हा उपाय चालत नाही. त्याच्यावर उपाय दोनच. लहान मासा निवडा, आणि मोठा क्वचित खा.

थोडा हिशेब करू. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने मिथाइल पाऱ्याची रोजची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ०.१ मायक्रोग्रॅम अशी धरली आहे. साठ किलो वजनाच्या बाईला दिवसाला ६, आठवड्याला ४२ मायक्रोग्रॅम. मोठ्या बासच्या एक किलो मांसात अर्धा मिलिग्रॅम पारा सापडणे काही नवलाचे नाही. त्याच्या शंभर ग्रॅमच्या एका तुकडीत ५० मायक्रोग्रॅम झाले. आठवड्याचा शिधा एका घासात संपला, वर उधारी झाली. त्याच तळ्यातल्या लहान माशात किलोमागे दशांश मिलिग्रॅम असेल तर शंभर ग्रॅममागे १० मायक्रोग्रॅमच पोटात जातात. मुलीला छोटे मासे आणि म्हाताऱ्यांना मधले, ही त्या गृहस्थांची वाटणी याच हिशेबाची होती. वीस इंची मासा त्यांनी कोणालाच दिला नाही, तेही बरोबरच.

घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही. ही मर्यादा ठरवताना दहापट सावधगिरी धरलेली आहे. एकदा मोठा मासा खाल्ला म्हणून कोणाला काही होत नाही. प्रश्न दर आठवड्याला, महिनोन् महिने खाण्याचा आहे, कारण शरीरातला अर्धा पारा निघून जायला सुमारे दीड-दोन महिने लागतात. मोठ्या माणसाच्या शरीराला थोडेफार पेलते. पोटातल्या बाळाला नाही. मिथाइल पारा वार ओलांडून बाळाकडे जातो आणि नाळेच्या रक्तात तो आईच्या रक्तापेक्षा अधिक भरतो. त्याच दिवसांत बाळाचा मेंदू आकार घेत असतो. म्हणून गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई आणि लहान मुले यांच्यासाठी तेथे तक्ता अधिक कडक ठेवतात. माहिती नसलेल्या पाण्यातला, घरच्या कोणी पकडलेला मासा असेल, तर आठवड्यात एकदाच खा आणि त्या आठवड्यात दुसरा मासा खाऊ नका, असा साधा नियम सांगतात.

याचा अर्थ गरोदरपणी मासे बंद, असा कोणी घेऊ नये. ही चूक फार महागात पडते. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल भागात हजारो मातांची व मुलांची पाहणी झाली होती. तिचे निष्कर्ष २००७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात आले. आठवड्याला ३४० ग्रॅमपेक्षा कमी मासे खाणाऱ्या मातांची मुले भाषिक बुद्धीच्या चाचणीत मागे पडण्याची शक्यता अधिक दिसली. मेंदूला लागणारी ओमेगा-३ स्निग्धाम्ले, उत्तम प्रथिने, आयोडीन हे सारे माशात आहे. मासा सोडायचा नाही. कोणता मासा, हे पाहायचे.

पाऱ्याची भीती कागदी नाही, हे सांगण्यासाठी दूर जायला नको. त्याच मिशिगन राज्याच्या कडेला सेंट क्लेअर नावाचे सरोवर आहे. १९७० साली तेथल्या माशांत एका रसायन कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा इतका सापडला की मासेमारीच बंद करावी लागली. कारखान्याचे तोंड बंद केल्यावर माशांतला पारा हळूहळू उतरला, आणि आज ते सरोवर बाससाठी नावाजलेले आहे. दुसरीकडे कॅनडातल्या ग्रासी नॅरोज या आदिवासी वस्तीने त्याच काळात नदीतले विषारी मासे खाल्ले. तेथल्या लोकांचे हातपाय अजून थरथरतात.

तेव्हा माझे मत असे बनले आहे. मोठा सोडावा, मधला खावा. तळ्याचे हित आणि आरोग्याचे हित एरवी एकमेकांशी भांडत असतात, येथे मात्र दोघांचे बोट एकाच माशाकडे आहे. जी म्हातारी मादी तळ्याला सर्वांत जास्त हवी असते, तीच आपल्या पोटाला सर्वांत कमी हवी असते. सरसकट सोडून देण्याचा सोवळेपणा नको आणि दिसेल तो पिशवीत टाकण्याची हावही नको. काही तळ्यांत नेमक्या मधल्या मापाच्या माशांना अभय असते, तेथे अर्थातच पाटीवर लिहिलेले पाळावे.

आणि सोडायचा तर जगेल असा सोडावा. कोरड्या हाताने किंवा फडक्याने धरला की अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि माशाला रोग जडतात. जड माशाला नुसत्या जबड्याने टांगून फोटो काढणे हा दुष्टपणा आहे. पोटाखाली हात हवा. गळ घशात खोल गेला असेल तर ओढून काढू नये, दोरी जवळून कापावी. भर उन्हाळ्यात पाणी तापलेले असताना सोडलेले मासे अधिक मरतात. कल्ल्यांतून रक्त येत असेल तर तो बहुधा वाचत नाही. नियमात बसत असेल तर असा मासा घरी न्यावा. मासा सोडला या समाधानात तळ्याच्या तळाशी मढे पाठवण्यात काय अर्थ?

ब्लूगिलला काटे फार, पण चव गोड. मुलीने चार खाल्ले. आम्हा म्हाताऱ्यांच्या वाट्याच्या बासची आमटी मात्र फसली, कारण तेथल्या दुकानातली आमसुले जुनी होती.

आता पुन्हा आपल्या नदीवर. आपल्याकडे बास नाही, पण मरळ आहे. तीही शिकारी, तीही पिल्लांची राखण करणारी. जूनमध्ये पाण्यावर लालसर पिल्लांचा थवा बुडबुडताना दिसला की खाली आईबाप असतात, हे पोरांनाही ठाऊक असते. आणि नेमके तेव्हाच त्यांना मारायला आपण धावतो. चढणीच्या माशांचेही तेच. ते शेतात चढतात ते अंडी घालायला. ओहोळ एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत अडवून गाभोळीसकट सगळे ओरबाडले तर पुढच्या साली चढणार काय?

मी त्या शेतकऱ्यांना सांगितले, सुनेला लहान मासे द्या, काट्यांसकट मऊ शिजवलेले, आठवड्यातून एक-दोनदा. कच्चट राहू देऊ नका. मोठी मरळ तिच्या ताटात नको, आणि पिल्लांवर असेल तर कोणाच्याच ताटात नको. त्यांनी ऐकून घेतले. मग टोपी सारखी करत म्हणाले, "डॉक्टर, मी सोडीन हो. पण मी सोडलेली खालच्या वाडीवाले धरणार. त्याचे काय?"

याला माझ्या कपाटात औषध नव्हते. मृगाच्या आधी दोन्ही वाड्यांची बैठक असते, तेथे विषय काढून बघतो, असे म्हणून ते उठले. सून मात्र दारातून मागे फिरून हळूच विचारून गेली, "समुद्राची बंदी लागेपर्यंत बांगडा चालेल ना?" चालेल म्हटले. आठवड्यातून दोनदा.